शिडाची कळी आणि एका माणसाचं आडनाव

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे जुन्या गलबतांचं छोटं प्रदर्शन भरलं होतं. माझे पणजोबा शिडं शिवायचे, त्यांचं दाभण अजून घरात आहे, म्हणून शिडाचा तक्ता करायचं काम मी मागून घेतलं. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. शिडाच्या कडेला तिरके कापलेले पट्टे असतात, त्यांना ‘गोरिंग’ म्हणतात असं एका जुन्या इंग्रजी पुस्तकात सापडलं. ते लिहिलं. मराठी शब्द मिळाला नाही, तिथे जागा कोरी सोडली. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी संयोजकांपैकी एक जण तक्त्यासमोर थांबले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “हे हिटलरच्या माणसाचं नाव इथे कुणी लिहिलं?” मी सांगायला गेले, पण ऐकून न घेता त्यांनी त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवायला लावला. तीन दिवस तक्ता तसाच टांगलेला होता. हा शब्द खरंच त्या गोअरिंगवरून आलाय का? आणि आपल्याकडे त्याला काय म्हणतात?

उत्तर : पोरी, नाही आला. तुझा तक्ता बरोबर होता. तो कागद काढून टाक. तक्ता घरी आणला असशील तर आजच काढ.

आधी तारखा बघू. हर्मन गोअरिंग जन्मला 12 जानेवारी 1893 रोजी, बव्हेरियातल्या रोझेनहाइमला. विल्यम फाल्कनर नावाच्या एका स्कॉटिश खलाशाने जहाजांच्या शब्दांचा इंग्रजी कोश छापला तो 1769 साली. त्या कोशात ‘गोरिंग’ हा शब्द आहे आणि अर्थही तूच लिहिलेला : शिडाची वरून खाली हळूहळू रुंद होत जाणारी कड. म्हणजे माणूस जन्मण्याच्या 124 वर्षं आधी हा शब्द छापील कोशात होता, आणि कोशात येण्याआधी किती पिढ्या शिडं शिवणाऱ्यांच्या तोंडी असेल ते तूच समज. या फाल्कनरविषयी एक गोष्ट सांगतो, कारण मला ती कधी विसरता आलेली नाही. कोश छापला त्याच वर्षी तो ‘अरोरा’ नावाच्या जहाजावर हिशेबनीस म्हणून चढला. जहाज हिंदुस्थानला येत होतं. केप ऑफ गुड होपला डिसेंबरमध्ये थांबलं, तिथून सुटलं, आणि मग कुणालाच दिसलं नाही. जहाजाच्या दोरा-दोराचं नाव लिहून ठेवणारा माणूस आपल्याकडे येताना वाटेत बुडाला.

आता पट्ट्याविषयी. तुझ्या तक्त्याचा हाच खरा जीव आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शीड एका अखंड कापडाचं नसतं. मागावर जेवढ्या रुंदीचं कापड निघतं तेवढ्या रुंदीचे पट्टे एकाला एक जोडून ते शिवतात. इंग्रजी जहाजांवर हे पट्टे साधारण 24 इंचांचे, म्हणजे दोन फुटांचे असत. समज, एक चौकोनी शीड आहे, वर 20 पट्टे रुंद आणि खाली 28 पट्टे रुंद, उंची 40 फूट. वर-खाली फरक आठ पट्ट्यांचा, म्हणजे प्रत्येक बाजूला चार. हे चार पट्टे वरपर्यंत जातच नाहीत. शिडाची कड त्यांच्यावरून तिरकी उतरते. 40 फुटांत चार पट्टे ओलांडायचे, म्हणजे एका पट्ट्यामागे दहा फूट उतार. आतला पट्टा एका अंगाला 40 फूट, दुसऱ्या अंगाला 30. त्याच्या शेजारचा 30 आणि 20. मग 20 आणि 10. आणि अगदी बाहेरचा दहा फुटांवरून शून्यावर येतो, म्हणजे निव्वळ त्रिकोण : खाली दोन फूट पाया, वर टोक. या तिरक्या कापलेल्या चार पट्ट्यांचं नाव गोरिंग. सरळ पट्टे कुणीही कापील. शीड वाऱ्यात फुगणार की फडफडत बसणार, ते हे तिरके पट्टे ठरवतात.

आपल्याकडची शिडं अशी चौकोनी नव्हती. आपलं शीड डोलकाठीला तिरक्या बांधलेल्या परबाणावरून, म्हणजे शीड ज्याला बांधतात त्या लांब वाशावरून, लोंबतं, पुढे आखूड, मागे लांब. त्यामुळे इंग्रजी शिडात जो तिरका काप फक्त दोन्ही कडांना असतो, तो आपल्या शिडात परबाणाच्या अंगाला पहिल्या पट्ट्यापासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत असतो. आपलं अख्खं शीडच तिरक्या कापाचं.

माझे वडील हे काम करायचे. वाघोटन खाडीच्या तोंडाशी, विजयदुर्गाच्या समोरच्या अंगाला आमचं घर. गणपती झाले की गलबतं पाण्यात उतरायची आणि त्याआधी महिनाभर आमच्याकडे शिडं यायची. काही फाटलेली, काही नव्याने करायची. वडील भरती उतरल्यावर ओल्या वाळूत एक सुंभ ताणून दोन खुंट्या ठोकायचे. तो सुंभ म्हणजे परबाण. मग एकेक पट्टा त्याच्या खाली अंथरायचा आणि सुंभ जिथून जातो तिथे कोळशाने रेघ. मी दुसरं टोक धरून उभा राहायचो. एका शिडाचं माप अजून डोक्यात आहे : पट्टा दोन फूट रुंद, आणि प्रत्येक पट्टा त्याच्या आधीच्यापेक्षा अडीच फूट लांब. वडील शाळेत फार गेले नव्हते. पहिल्या पट्ट्याची लांबी हाताने मोजायचे आणि पुढच्या तेरा पट्ट्यांचे आकडे तोंडाने म्हणत जायचे, कागद नाही, पेन्सिल नाही. कापायच्या आधी मात्र कात्री खाली ठेवून शिडाभोवती एक फेरी मारायचे. एकदा मी घाई केली तेव्हा म्हणाले, “कापलेला परत जोडूक येता रे, पण वारो फसणा नाय.”

त्या तिरक्या कापाला ते ‘कळी’ म्हणायचे. तुझ्या कोऱ्या जागेत हा शब्द लिही.

हा शब्द तुझ्या घरातही आहे. कुर्त्याला बाजूने जोडतात ती कळी, परकराला घेर यावा म्हणून घालतात ती कळी. वर निमुळती, खाली रुंद. कापायची रीतही तीच. शिंपी कापडाच्या लांबट चौकोनाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका छेद देतो आणि एका कापात दोन कळ्या निघतात, चिंधीसुद्धा वाया जात नाही. शीडवालाही ठाणावर एक तिरका काप घेतो, तो एका पट्ट्याचा शेवट असतो आणि दुसऱ्याची सुरुवात. आणि दोघांची अडचणही एकच. तिरकं कापलेलं कापड, शिवणकामात ज्याला उरेब म्हणतात ते, ओढलं की ताणतं. आई परकराच्या कळ्या जोडताना एका कळीची तिरकी बाजू दुसरीच्या सरळ बाजूला लावायची, म्हणजे घेर लोंबत नाही. वडील कडेने दोर शिवायचे. तळव्याला चामड्याची पट्टी बांधलेली, हातात दाभण, दोरा मेणातून ओढलेला, आणि दर टाक्याला दोराच्या एकाच पिळातून सुई. दोन पिळांतून गेली तर उसवायचे. तुझ्या पणजोबांचं दाभण उजेडात धरून बघ. शिडाचं दाभण टोकाशी गोल नसतं, तीन धारांचं असतं. तुझ्याकडचं तसं असलं तर तक्त्याखाली तेच ठेव.

आता ‘गोरिंग’ आला कुठून. जुन्या इंग्रजीत भाल्याला ‘गार’ म्हणत. भाल्याचं पातं जसं टोकदार त्रिकोणी, तशा आकाराच्या जमिनीच्या तुकड्याला त्यावरून ‘गारा’ हे नाव पडलं. दोन शेतांच्या मध्ये उरणारा टोकेरी तुकडा आपल्याकडे डोंगरउतारावर पावलोपावली दिसतो, तसाच. पुढे तो शब्द ‘गोर’ झाला आणि कपड्यातल्या त्रिकोणी तुकड्याला लागला, कपड्यावरून शिडाला. छत्रीचं कापड ज्या त्रिकोणी तुकड्यांचं असतं तेही गोरच. ‘गोर’ कापून घालणं म्हणजे ‘गोरिंग’. आपण ‘कापणं’वरून ‘कापणी’ करतो, तितकं साधं. बैलाने शिंग खुपसण्याला इंग्रजीत जो ‘गोर’ म्हणतात तोही त्याच भाल्यातून आला. पण सांडलेल्या रक्ताला ‘गोर’ म्हणतात तो मात्र वेगळाच, घाण आणि शेण या अर्थाच्या जुन्या शब्दातून आलेला. एका भाषेतच तीन गोर, त्यांत दोघे भाऊ आणि तिसरा परका. मग दुसऱ्या देशातलं आडनाव कानाला सारखं लागलं, एवढ्यावरून नातं जोडायचं कसं?

आणि ते सारखंही नाही. त्या माणसाच्या आडनावातल्या ‘ओ’वर दोन टिंबं आहेत. जर्मन माणूस तो स्वर ओठ गोल करून ‘ए’ म्हणावा तसा काढतो. इंग्रजीत टिंबं टाकता आली नाहीत की ‘ओ’पुढे ‘ई’ लिहितात. शिडाच्या शब्दात ना टिंबं, ना ती ‘ई’. पण देवनागरीत तो स्वर नाही. आपण कधी गोअरिंग लिहितो, कधी गोरिंग, आणि गोरिंग लिहिलं की दोन्ही शब्द अक्षरशः एक होतात. त्या गृहस्थांनी तुझा तक्ता मराठीत वाचला. इंग्रजी अक्षरांत वाचला असता तर कदाचित इतके चिडले नसते. पुढच्या वेळी दोन्ही लिपींत लिही.

त्यांच्या रागाबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. सगळ्यांदेखत तुला बोलले ते चुकलं, न विचारता झाकलं तेही चुकलं. पण त्या नावाने माणूस दचकतो हे योग्यच आहे. गेस्टापो ही गुप्त पोलीस यंत्रणा 1933 मध्ये याच माणसाने उभी केली. जर्मन हवाई दलाचा तो प्रमुख होता. युरोपातल्या ज्यूंच्या प्रश्नाच्या ‘संपूर्ण सोडवणुकी’ची तयारी करण्याचा अधिकार देणारं 31 जुलै 1941 चं पत्र त्याच्या सहीचं आहे, आणि त्या सोडवणुकीचा अर्थ साठ लाख माणसं मारणं असा होता. न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याला फाशीची शिक्षा झाली. फाशीच्या काही तास आधी, 15 ऑक्टोबर 1946 च्या रात्री, त्याने विष घेतलं.

हे नाव आपल्या किनाऱ्याला अगदीच परकंही नाही. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर रत्नागिरी जिल्ह्यातली शेकडो माणसं होती, सारंग, खलाशी, आगवाले. माझे चुलत आजोबा आगवाले होते, बॉयलरला कोळसा घालणारे. 7 सप्टेंबर 1940, शनिवार, दुपारची वेळ. त्यांचं जहाज लंडनच्या गोदीत लागलेलं. त्या दिवशी जर्मन विमानांनी पहिल्यांदा लंडनवर मोठा हल्ला चढवला, गोद्यांवरच, आणि गोअरिंग स्वतः फ्रान्सच्या किनाऱ्यावर उभा राहून विमानं जाताना बघत होता. आजोबा सांगायचे, लाकडाच्या वखारी अशा पेटल्या की रात्री अकराला हातावरच्या रेषा दिसत होत्या. त्यांच्याबरोबरचे दोन जण, एक जयगडचा, एक राजापूरकडचा, परत आले नाहीत. आजोबांनी ते नाव मरेपर्यंत घेतलं नाही. ‘तो इमानवालो’, म्हणजे विमानवाला, म्हणायचे.

तेच आजोबा निवृत्त होऊन आल्यावर वडिलांच्या शेजारी वाळूत बसून कळ्यांना टाके घालायचे. गोरिंग हा शब्द मला त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळला, इंग्रज बोसनच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, तोंडून त्यांनी उचललेला. त्या माणसाचं नाव न घेणारे आजोबा हा शब्द बिनदिक्कत घ्यायचे, कारण तो त्यांच्या लेखी कापडाचा होता.

तेव्हा तक्त्यावर अशी ओळ कर : ‘कळी. इंग्रजीत गोरिंग. जुन्या इंग्रजीतल्या भाला या अर्थाच्या शब्दावरून; 1769 च्या कोशात नोंद.’ खाली त्या आडनावाचा उल्लेखही करू नकोस. तिथे त्याला जागा द्यायचं कारण नाही. कुणी विचारलं तर तोंडाने सांग, आता तुला येतं.

प्रश्न : माझा मुलगा दक्षिण इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याच्या रोजच्या रेल्वेमार्गावर ‘गोरिंग-बाय-सी’ असं स्टेशन लागतं. इतक्या बदनाम माणसाचं नाव इंग्रजांनी आपल्या गावाला कसं राहू दिलं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : गाव त्या माणसापेक्षा आठशे वर्षांनी जुनं आहे. इंग्लंडच्या राजाने 1086 मध्ये जी मोठी जमीन-पाहणी केली, तिच्यात ‘गारिंगेस’ अशी या गावाची नोंद आहे. अर्थ ‘गारा नावाच्या माणसाची मंडळी’. इथलं ‘इंग’ म्हणजे लोक, कुळ. जर्मन आडनावांतलं ‘इंग’ही पुष्कळदा कुळच दाखवतं. शिडाच्या शब्दातलं ‘इंग’ मात्र क्रियेचं. वरच्या पत्रातल्या मुलीलाही याचा उपयोग होईल. बाकी गावांची नावं अशी झटक्यात बदलत नाहीत हे चिपळूणकरांना मी काय सांगू!

प्रश्न : नातवाला ‘डंगरी’ घेतली, वर पट्टे असलेली विजार. दुकानदार म्हणाला, हा शब्द आपल्या डोंगरीवरून आला. हेही कानाला सारखं लागलं म्हणून कुणी जोडलेलं का? (एक आजी, वेंगुर्ले)

उत्तर : नाही आजी, दुकानदाराचं खरं आहे. मुंबईच्या डोंगरीत जाडंभरडं सुती कापड विकलं जायचं, त्यालाच गावाचं नाव पडलं. सतराव्या शतकात कंपनीच्या व्यापाऱ्यांनी ते नाव उचललं, इंग्रजीत ‘डंगरी’ झालं. आधी नाव कापडाचं, त्या कापडाचे तंबू आणि शिडं व्हायची, मग त्याच्या कामगारांच्या विजारी शिवल्या जाऊ लागल्या. इथे आवाजाबरोबर मालही गेलेला आहे, वाट दाखवता येते. आंग्र्यांच्या आरमारातलं आपलं गलबतसुद्धा असंच इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘गॅलिव्हॅट’ होऊन बसलंय, आणि गुराब ‘ग्रॅब’ होऊन. वडील शिडाला ठिगळ लावायचे ते कापडही डोंगरीच म्हणून मागायचे. उरलेल्या तुकड्याची आई माझ्यासाठी शाळेची पिशवी शिवायची, खाली एक कळी घालून, म्हणजे पाटी आडवी मावायची.